थेंब सुटे की धार एक?

आषाढात केळदजवळच्या मढे घाटाच्या माथ्यावर पाऊस कोसळतो, तेव्हा प्रत्येक थेंब आपापला पडतो. एक थेंब वाऱ्याने कड्यापलीकडे लोटला जातो आणि कोकणात उतरतो; दुसरा दोन हात अलीकडे पडतो आणि देशावर राहतो. पहिल्याचे काय झाले यावरून दुसऱ्याचे काय होईल हे सांगता येत नाही. तेच पाणी ओढ्यांतून नदीला मिळाले की चित्र पालटते. वेल्ह्यातली गुंजवणी घ्या किंवा भोरजवळची नीरा. तिच्यावर तरंगणारी दोन पाने एकमेकांना शिवत नाहीत, पण वळण आले की दोन्ही वळतात आणि उतार वाढला की दोन्ही वेग घेतात. पाणी अजिबात न पाहता फक्त पानांच्या जोड्यांची नोंद ठेवली, तरी खाली एकसंध प्रवाह आहे हे कळेल आणि काठ कसे वळले आहेत याचाही अंदाज येईल. एकाच्या हालचालीवरून दुसऱ्याच्या हालचालीचा अंदाज बांधता येणे, यालाच सहसंबंध म्हणतात. विश्वाच्या जन्मानंतरच्या पहिल्या काही मायक्रोसेकंदांत पदार्थ कसा होता, या प्रश्नाचे आज आपल्याकडे असलेले एक भक्कम उत्तर अशाच सहसंबंधांवर उभे आहे. तो पदार्थ वायूसारखा विखुरलेला नव्हता, तो वाहत होता.

हा पदार्थ प्रयोगशाळेत क्षणभर पुन्हा तयार करता येतो. त्यासाठी अमेरिकेतील ब्रुकहेवन येथे 2000 पासून सोन्याची आणि जिनिव्हाजवळील सर्न येथे 2010 पासून शिशाची अणुकेंद्रके प्रकाशाच्या वेगाच्या अगदी जवळच्या वेगाने एकमेकांवर आदळवली गेली आहेत. शिशाच्या एका केंद्रकात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून 208 कण असतात. टकरीत तापमान दीड लाख कोटी अंशांच्याही वर जाते, म्हणजे सूर्याच्या गाभ्याच्या सुमारे लाखपट. त्या उष्णतेत प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या भिंती विरघळतात आणि आतले क्वार्क व ग्लुऑन मोकळे होतात. हा गोळा अणूपेक्षा हजारो पटींनी लहान असतो आणि सेकंदाच्या शंभर कोटी कोटी कोटी भागांपैकी काही मोजक्या भागांइतकाच टिकतो. त्याला पाहणे शक्यच नसते. शोधकयंत्रांपर्यंत पोचतात ते त्यातून बाहेर फेकले गेलेले हजारो कण, म्हणजे आपल्या उदाहरणातली पाने.

दोन केंद्रके बहुतेक वेळा समोरासमोर न आदळता थोडी बाजूने घासून जातात. दोन वर्तुळे अर्धवट एकमेकांवर ठेवली की मधला भाग बदामाच्या आकाराचा दिसतो. टकरीतला तप्त पदार्थ तसाच असतो. आता भोर-वेल्ह्यातले लांबट भातखाचर डोळ्यांपुढे आणा. काठोकाठ भरलेल्या या खाचराचे चारही बांध एकदम काढून घेतले, तर पाणी अरुंद बाजूंनी कमी आणि लांब बाजूंवरून आडवे जोराने पसरेल. बदामातही तसेच घडते. त्याच्या आडव्या दिशेत मध्यापासून कडेपर्यंतचे अंतर कमी, म्हणून दाबाचा उतार तीव्र, म्हणून पदार्थ त्या दिशेला अधिक वेगाने उसळतो. कण एकमेकांना न अडवता सुटे निघाले असते, तर बदाम कसाही असो, ते चहूकडे सारखेच उडाले असते. ना अगदी समोरासमोरच्या, ना अगदी कडेच्या टकरींत मात्र दोन दिशांच्या कणसंख्येत तीस-चाळीस टक्क्यांचा फरक आढळतो. आकाराचे रूपांतर प्रवाहात होते. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ झाँ-इव्ह ओलित्रो यांनी ही खूण 1992 मध्येच सुचवली होती.

इथे पहिली रास्त शंका येते. बदाम कुठे तोंड करून पडला होता हे टकरीगणिक बदलते आणि आधी ठाऊक नसते. म्हणून शास्त्रज्ञ कणांच्या जोड्या घेतात आणि त्यांच्यातला कोन मोजतात. पण दोन कण एकाच दिशेला जाण्यासाठी प्रवाहच हवा असे नाही. एकाच जड कणाचे तुकडे होऊन जन्मलेली भावंडेही बरोबर निघतात. मग हा नदीचा पुरावा की नुसता घराण्याचा? याचे उत्तर शोधण्यात तेव्हा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असलेल्या राजीव भालेराव यांचा मोठा वाटा आहे. भालेराव, निकोला बोरघिनी आणि ओलित्रो यांनी 2003-04 मध्ये एक पद्धत मांडली. यांग आणि ली या भौतिकशास्त्रज्ञांनी 1952 मध्ये अवस्थांतराच्या अभ्यासासाठी वापरलेले गणित त्यांनी इथे आणले आणि जोडीऐवजी टकरीतल्या सगळ्या कणांना एकदम प्रश्न विचारला. भावंडे दोन-तीन असतात, प्रवाहात मात्र सगळेच असतात. पुढे चार, सहा आणि आठ कणांचे सहसंबंध मोजले गेले, तेव्हा तिन्ही उत्तरे जवळजवळ सारखी आली. चार पानांवरून आणि आठ पानांवरून एकच वळण दिसत असेल, तर ते वळण नदीचेच.

दुसरी शंका निरीक्षणांतूनच उभी राहिली. काही जोड्यांच्या आलेखात एका बाजूला एक उंचवटा आणि समोरच्या बाजूला दोन उंचवटे दिसत होते. वेगवान कण द्रवातून ध्वनीहून जलद गेल्याने शंकूसारखी लाट उठते, असा त्याचा अर्थ काही वर्षे लावला गेला. 2010 मध्ये एमआयटीतील बुराक अल्व्हर आणि गुंथर रोलँड यांनी साधे स्पष्टीकरण दिले. केंद्रकातले कण प्रत्येक टकरीत वेगळ्या जागी असतात, त्यामुळे आरंभीचा आकार गुळगुळीत बदाम नसून खडबडीत असतो. त्यात योगायोगाने त्रिकोणही असतो आणि प्रवाह तोही जपतो. एक अधिक दोन म्हणजे त्रिकोणाचीच तीन टोके होती. पुढच्याच वर्षी भालेराव, मॅथ्यू लुझम आणि ओलित्रो यांनी हा खडबडीतपणा मोजमापांतून वेगळा कसा काढायचा ते दाखवले.

तिसरी शंका अधिक मूलगामी आहे. काही हजार कण, डोळे मिटायला लागणाऱ्या वेळेच्या कोट्यंशाच्या कोट्यंशाहूनही कमी आयुष्य. याला द्रव म्हणायचे कसे? याला उत्तर असे की द्रवपणा आकाराने किंवा आयुष्याने ठरत नाही. एक कण दुसऱ्याला धडकण्याआधी जे अंतर कापतो ते पदार्थाच्या एकूण आकाराच्या मानाने किती लहान आहे, यावर तो ठरतो. 2002 मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात लिथियमचे अणू निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ थंड करून लांबट ढगात अडकवले आणि सोडून दिले. तो ढगही आडवाच पसरला. कोट्यवधी पटींनी थंड पदार्थ, पण वागणे तेच. काकवीसारख्या दाट द्रवात लहरी उठल्या तरी लगेच विरतात. पातळ द्रवात लहरी टिकतात. टकरीतले त्रिकोणासारखे बारीक आकार शेवटपर्यंत टिकतात, यावरून त्या पदार्थाची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा आतला विरोध, अतिशय कमी असल्याचे निघते. स्ट्रिंग सिद्धांतावरून 2005 मध्ये सुचवलेल्या किमान मर्यादेच्या ती जवळ आहे. त्याच वर्षी ब्रुकहेवनने ‘परिपूर्ण द्रव’ सापडल्याची घोषणा केली होती. काही महिन्यांतच भालेराव आणि त्यांच्या युरोपीय सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की निरीक्षणे पूर्ण समतोलाच्या आदर्श चित्रात नीट बसत नाहीत. घोषणेच्या जल्लोषात उठलेला हा आक्षेप रास्त ठरला. आज प्रत्येक गंभीर आकडेमोडीत श्यानता धरली जाते.

शेवटी उरते ती या प्रवाहाच्या गणिती नमुन्याविषयीची शंका: इतक्या कळा फिरवता येत असतील, तर कोणतेही चित्र जुळवता येईल. वेल्ह्यातल्या पानशेत आणि वरसगावच्या धरणांचे पाणी जिथे उतरते त्या खडकवासल्यात केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. तिथे नद्यांच्या आणि धरणांच्या छोट्या प्रतिकृतींतून पाणी सोडून प्रवाहाचा अभ्यास होतो. अशा प्रतिकृतीवर विश्वास ठेवायचा तो एकच पूर जुळला म्हणून नव्हे, तर न पाहिलेला पूरही तिने सांगितला तर. टकरींच्या नमुन्याने ही कसोटी पार केली आहे. एकच श्यानता धरून बदाम, त्रिकोण आणि त्यापुढचे आकार जुळवावे लागतात. एक कळ फिरवली की दुसरे चित्र बिघडते. 2015 मध्ये सर्नने ऊर्जा जवळजवळ दुप्पट केली, तेव्हा मोजमापे प्रसिद्ध होण्याआधीच अनेक गटांनी आपले आकडे जाहीर केले होते, आणि ते बरोबर आले. ब्रुकहेवनच्या फीनिक्स गटाने सोन्यावर एक कण, दोन कणांचे आणि तीन कणांचे केंद्रक आदळवून वर्तुळ, बदाम आणि त्रिकोण मुद्दाम घडवले; कणांचा प्रवाह त्या-त्या आकारानुसार बदलल्याचे 2018 मध्ये प्रसिद्ध झाले. दोन प्रोटॉनच्या टकरीतही असाच प्रवाह असतो का, आणि पहिल्या क्षणी द्रवपणा इतका झटपट कसा येतो, यावर मात्र अजून मतभेद आहेत.

म्हणून नमुन्याची मर्यादा ओळखूनही निष्कर्ष ठाम राहतो. कोणताही एकटा कण आपल्याला प्रवाहाविषयी काही सांगत नाही. हजारो कण एकत्र ऐकले तरच नदी दिसते. विश्वाचे पहिले द्रव्य थेंबाथेंबाने विखुरले नाही. ते एका धारेत वाहिले, आणि आपल्या आरंभीच्या आकाराची आठवण शेवटच्या कणापर्यंत घेऊन गेले.