गंजिफाचे रंग आणि बाबांचे डोळे

महालातील एक पंचाहत्तरीचे गृहस्थ सुनेसह माझ्या दवाखान्यात आले. ‘बाबा गंजिफा खेळताना नियम चुकतात. हे विस्मरण तर नव्हे?’ तिने दबक्या स्वरात विचारले.

सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात १२० गोल पाने असतात. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात बारा पाने, आणि प्रत्येक रंगाची पार्श्वभूमी निराळी. नियमही रंगाशीच बांधलेला आहे. राजा आणि त्याखालोखाल प्रधान सर्वत्र श्रेष्ठ. पण त्यांच्यानंतर पाच रंगांत दहाचे पान मोठे, तर उरलेल्या पाचांत एक्का. साहजिकच रंग ओळखण्यात चूक झाली, की नियमही उलटा होतो.

मी त्यांच्यासमोर एक निळे आणि एक हिरवे पान धरले. त्यांना दोन्ही सारखीच भासली! वयानुसार डोळ्यातील भिंग पिवळसर होते आणि निळ्या-हिरव्यातला भेद पुसट होतो. तपासणीत मोतीबिंदू निघाला. नियम मात्र त्यांनी मला अस्खलित समजावले. सूनबाईंचे डोळे पाणावले.

घरी खेळताना भरपूर उजेड ठेवावा. रंगाबरोबर मासा, कासव, परशू ही चिन्हेही पाहण्याची सवय लावावी. चुकल्यास चारचौघांत टोकू नये. रंग नीट दिसत असूनही नियम वारंवार विसरले जात असतील, नेहमीची वाट चुकत असेल किंवा पैशांचा हिशेब जमेनासा झाला असेल, तर मात्र स्मरणशक्तीची तपासणी लांबवू नये. मोतीबिंदू आणि विस्मरण एकाच वेळीही असू शकतात.