ताटली, थर्माकोल आणि बोटाची करामत

एखाद्या भारित वस्तूने आपला प्रभार जराही न देता शेजारच्या वस्तूला विरुद्ध प्रकारचा प्रभार मिळवून देणे, हे प्रवर्तन. वाचायला सोपे, पटायला अवघड. पाठ्यपुस्तकातल्या दोन आकृत्यांनी ते पटत नाही. हाताने करून पाहावे लागते. त्यासाठी इलेक्ट्रोफोरससारखे साधे साधन दुसरे नाही. त्यामागचे तत्त्व स्वीडनच्या योहान विल्के यांनी १७६२ मध्ये दाखवले होते. पुढे १७७५ मध्ये इटलीतल्या कोमोच्या अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी त्याला सुटसुटीत रूप दिले आणि जोसेफ प्रीस्टली यांना पत्राने कळवले. बॅटरीवाले व्होल्टा ते हेच; पण बॅटरीला तेव्हा अजून पंचवीस वर्षे अवकाश होता.

व्होल्टांनी राळ, टर्पेंटाइन आणि मेण यांची वडी ओतली होती. आपल्याला टीव्हीच्या खोक्यातून निघालेला थर्माकोलचा सपाट तुकडा पुरे. त्यावर बसेल अशी सपाट बुडाची स्टीलची ताटली घ्यावी. काठ गोल वळवलेली असेल तर उत्तम, कारण टोकदार कडांवरून प्रभार हवेत निसटतो. ताटलीच्या मध्यभागी प्लास्टिकची कोरडी, रिकामी बाटली चिकटवली की मूठ तयार. घासायला खरी लोकर हवी. बाजारातले बरेच स्वेटर ॲक्रिलिकचे असतात, त्यांचा इथे भरवसा नाही. घरात जुनी घोंगडी असेल तर तीच घ्यावी.

थर्माकोल घोंगडीने मिनिटभर जोरात घासा. लोकरीतले इलेक्ट्रॉन त्याच्यावर जातात आणि तो ऋण प्रभारित होतो. आता मुठीला धरून ताटली त्यावर ठेवा. अशीच उचलली तर तिच्यात जवळजवळ काहीच उतरलेले नसते. इथे पुष्कळांना नवल वाटते: ताटली थेट टेकली, मग प्रभार का आला नाही? थर्माकोल दुर्वाहक आहे. त्याच्यावरचे इलेक्ट्रॉन जिथल्या तिथे अडकून बसतात, सरकत नाहीत. शिवाय दोन्ही पृष्ठभाग बारकाईने पाहता खडबडीत असल्याने ताटली मोजक्याच ठिकाणी खरोखर टेकते. बाकी सगळीकडे मध्ये हवेचा पातळ थर असतो.

ताटलीच्या धातूतले इलेक्ट्रॉन मात्र मोकळे असतात. खालचा ऋण प्रभार त्यांना दूर लोटतो, म्हणून ते ताटलीच्या वरच्या बाजूला आणि काठाकडे जमतात आणि तळाशी धन प्रभार उरतो. एकूण हिशेब अजून शून्यच. आता ताटली खाली असतानाच तिला बोट लावा. चिमुकली ठिणगी जाणवेल. लोटले गेलेले इलेक्ट्रॉन बोटातून, शरीरातून जमिनीकडे निघून गेले. बोट काढा. परतीची वाट बंद झाली. मग मुठीने ताटली उचला, आणि ती धन प्रभारित झालेली असेल. पुन्हा बोट जवळ न्या, आता आधीपेक्षा मोठी, चटका देणारी ठिणगी उडेल.

क्रम मात्र चुकवू नये. बोट लावलेलेच ठेवून ताटली उचलली, तर गेलेले इलेक्ट्रॉन त्याच वाटेने परत येतात आणि हाती काही उरत नाही.

इलेक्ट्रॉन एकदा बाहेर जातात आणि एकदा आत येतात, हे नुसते मानून घ्यायची गरज नाही. अंधाऱ्या खोलीत बोटाऐवजी वायरमनचा निऑनचा टेस्टर वापरा: टोपीवर बोट, टोक ताटलीला. दोन्ही वेळा क्षणभर दिवा लुकलुकतो. निऑनच्या दिव्यात प्रकाश ऋण अग्राभोवती दिसतो. म्हणून ताटली खाली असताना ताटलीकडचे अग्र उजळते आणि उचलल्यावर हाताकडचे. माझ्या मते पाठ्यपुस्तकातल्या आकृत्यांपेक्षा हा पुरावा कितीतरी भक्कम आहे.

आता ताटली पुन्हा ठेवा, बोट लावा, उचला. पुन्हा ठिणगी. थर्माकोल एकदाच घासला, तरी असे कितीतरी वेळा करता येते. व्होल्टांनी याला 'न संपणारे' साधन म्हटले ते यासाठीच. फुकटात मात्र काही मिळत नाही. थर्माकोलचा प्रभार खर्च होत नाही, पण ताटलीवरचा धन आणि खालचा ऋण प्रभार एकमेकांना ओढत असतात. त्यांना वेगळे करायला दंडाला थोडे जास्त काम करावे लागते. ताटलीच्या वजनापुढे ते जाणवत नाही, एवढेच. ते काम ठिणगीत येते. ताटली वर जाते तसा प्रभार तेवढाच राहतो आणि व्होल्टता वाढत जाते. सेंटिमीटरभर कोरडी हवा फोडायला सुमारे ३०,००० व्होल्ट लागतात, यावरून अंदाज यावा.

प्रयोग फसला तर दोष बहुधा हवेचा असतो. जुलैत, त्यातही कोकणात, ओलाव्याचा थर थर्माकोलवर आणि मुठीवर बसतो आणि प्रभार त्यावरून झिरपून जातो. डिसेंबर-जानेवारीत देशावरच्या कोरड्या थंडीत हेच सामान झकास चालते.

एवढे व्होल्ट असूनही ठिणगीतली ऊर्जा जेमतेम मिलिज्यूलच्या घरातली, म्हणून अंगाला धोका नाही. मात्र पेट्रोल, थिनर किंवा गॅसच्या शेगडीजवळ हा खेळ करू नका. पेट्रोलची वाफ हवेत मिसळलेली असेल तर ती पेटायला एक मिलिज्यूलहून कमी ऊर्जाही पुरते.