शेवटच्या अल्बमचे मोल

मुंबईच्या 'पेंटाग्राम' या रॉक बँडचा 'ब्लडीवूड' हा अल्बम २०११ साली प्रसिद्ध झाला आणि तोच त्यांचा शेवटचा स्टुडिओ अल्बम ठरला. स्टुडिओ अल्बम म्हणजे रंगमंचावरील कार्यक्रमाचे मुद्रण नव्हे, तर ध्वनिमुद्रणगृहात बहुधा एकेक वाद्य स्वतंत्रपणे नोंदवून आणि नंतर त्यांचा मेळ घालून सिद्ध केलेला गीतसंच होय. 'पेंटाग्राम'चे संगीत ज्या अल्टरनेटिव्ह रॉक परंपरेशी नाते सांगते, ती १९८०च्या दशकात अमेरिका आणि ब्रिटनमध्ये, मोठ्या कंपन्यांच्या ठरीव साच्याबाहेर राहून, छोट्या ध्वनिमुद्रण संस्था आणि महाविद्यालयीन रेडिओ यांच्या आधाराने वाढली.

नांदेड-लातूरच्या श्रोत्यांना या बँडचे गायक विशाल ददलानी 'विशाल-शेखर' या संगीतकार जोडीमुळे परिचित आहेत. लातूरच्या रितेश देशमुख यांची भूमिका असलेल्या 'ब्लफमास्टर' (२००५) या चित्रपटाचे संगीत याच जोडीचे होते. गिटारवादक रँडॉल्फ कोरिया, बासवादक पापल माने आणि ड्रमवादक शिराझ भट्टाचार्य हे 'पेंटाग्राम'मधील ददलानी यांचे सहकारी. बहुतेक भारतीय रॉक बँड परदेशी गाणीच वाजवण्यात धन्यता मानत, त्या काळात, म्हणजे १९९६ साली, 'वी आर नॉट लिसनिंग' हा स्वतःच्या रचनांचा अल्बम त्यांनी काढला. पुढे 'अप' (२००२) आणि 'इट्स ओके, इट्स ऑल गुड' (२००७) आले, तर २००५ मध्ये ब्रिटनमधील ग्लास्टनबरी महोत्सवातही त्यांनी हजेरी लावली.

या वाटचालीत गिटार आणि इलेक्ट्रॉनिक ध्वनी एकमेकांत मिसळत गेले. रॉकमधील गिटारचा खरखरीत स्वर 'डिस्टॉर्शन'मुळे येतो: तारेच्या कंपनातून निघालेला विद्युत्-संकेत इतका वाढवला जातो की त्याच्या लहरींचे माथे छाटले जातात आणि मूळ स्वरात नवे उपस्वर मिसळतात. त्याच्या जोडीला संगणकावर बांधलेला ठेका असला, की ड्रमवादकाला त्या ठेक्याशी क्षणाचीही चूक न करता लय राखावी लागते.

अमेरिकेतील 'निर्वाणा' या रॉक बँडचा 'इन युटेरो' (१९९३) हा अल्बम गायक कर्ट कोबेन यांच्या १९९४ मधील मृत्यूमुळे अखेरचा ठरला. 'पेंटाग्राम'वर असा आघात झाला नव्हता, मात्र ददलानी चित्रपटसंगीतात आणि कोरिया इतर सांगीतिक उपक्रमांत आधीच गुंतलेले होते. पुढे नवा अल्बम आला नाही, तरी बँडने कुठवर मजल मारली होती याचा पुरावा म्हणून शेवटचा अल्बम उरतो.

आपल्याकडे मात्र असा पुरावाही मागे राहत नाही: नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या युवक महोत्सवांतून गाणारी-वाजवणारी मुले शिक्षण संपताच पांगतात आणि त्यांच्या रचनाही त्यांच्याबरोबर विरून जातात. या मुलांनी निदान आपल्या स्वतःच्या चाली तरी नीट ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात, आणि महाविद्यालयांनी त्यासाठी साधने उपलब्ध करून द्यावीत.