येळवशीची सामाईक चूल

गणेशचतुर्थीला चाकरमानी गावी परततो आणि वर्षभर बंद असलेले घर माणसांनी भरते, हे आपल्या किनारपट्टीला नवे नाही. समुद्रापासून शे-दीडशे कोस आत, बीदर जिल्ह्याच्या उत्तर टोकाकडील ठाणाकुशनूरच्या परिसरातही पांगलेले कुटुंब असेच एकत्र येते. मात्र तेथे घर भरते ते शिवारात. मार्गशीर्षातील अमावास्येचा, म्हणजे वेळा अमावास्येचा तो दिवस. बोलीत तिला येळवस म्हणतात. कानडीत ती 'एळ्ळ अमावास्या'. एळ्ळु म्हणजे तीळ. बीदर, कलबुर्गी, लातूर, धाराशिव व सोलापूर या भागांत त्या दिवशी गावेच्या गावे रानात जातात आणि लातूरसारख्या शहराचे रस्तेही ओस पडतात.

या वनभोजनाचा खरा रस त्याच्या कामांत आहे. आदल्या रात्री तुरीच्या शेंगा, वाटाणे, हरभऱ्याचे घाटे सोलायला घर बसते. ज्वारीचे पीठ ताकात कालवून आंबील केली जाते, बाजरीचे उंडे वळले जातात आणि ओल्या दाण्यांची, पालेभाज्यांची, बेसन लावलेली भज्जी शिजते. सकाळी शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी राहते. पाच दगडांना चुना लावून पांडव मांडले जातात. पूजा झाली की उभ्या पिकावर आंबील शिंपडीत शेताला फेरी घालायची. मग झाडाला झोका बांधला जातो आणि पंगत बसते. ज्याला स्वतःचे शेत नाही, त्यालाही कोणाच्या तरी बांधावरून हाक येतेच.

इ.स. 1948 मध्ये निजामी राजवट संपली आणि 1956 च्या राज्यपुनर्रचनेत जुन्या बीदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. औराद, भालकी, हुमनाबाद म्हैसूर राज्यात गेले; उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात आले; जहिराबाद व नारायणखेड आंध्राकडे गेले. सोयरीक मात्र नकाशा पाहून तुटत नाही. कानडी नावाचा हा सण मराठी घरांत आजही त्याच आस्थेने होतो, यातच सीमाभागाचे शहाणपण आहे.

सीमेपेक्षा खोल रेघ आज बांधाची आहे. भावाभावांत जमिनीचे वाटे होतात. मुले पुण्याला, हैदराबादला, मुंबईला जातात. अशा वेळी एका हंडीतली भज्जी पुष्कळ काही सांधते. कारण शेजारी बसून शेंगा सोलताना अबोला फार वेळ टिकत नाही. परंतु त्या हंडीमागे जागलेली रात्र बहुधा बायकांचीच असते. पुरुषांना ती सहल आणि स्त्रियांना दुप्पट राबणूक, हे दृश्य आपल्या गणपतीतही अपरिचित नाही. मोदकांच्या पंगतीत पहिले पान कोणाचे आणि शेवटचे कोणाचे, हे प्रत्येकाने आपल्या घरी आठवून पाहावे.

सुट्टी वाटून घ्यायची तर कामही वाटून घेतले पाहिजे. शहरातून आलेल्या मुलाने आदल्या रात्रीच चुलीपाशी बसावे, घाटे सोलावेत, पंगतीत वाढावे आणि भांडी घासायलाही हात लावावा. त्याच्या आईला आणि वहिनीला दुपारी झोक्यावर बसायला सवड मिळाली, तर ती येळवस साऱ्या घराची झाली असे म्हणता येईल.