क्रेडिट कार्डाचे देणे थकले म्हणजे



शेतकी विभागाच्या माणसाने लागण, बेणेप्रक्रिया, खोडवा यांवर लिहावे. कर्जावर लिहिण्याचे कारण काय, असे काहींना वाटेल. कारण असे की, ऊसनोंदीसाठी गट कार्यालयात येणाऱ्या सभासदांच्या हाती अलीकडे बँकेच्या नोटिसा दिसतात, आणि त्या पीककर्जाच्या नसून क्रेडिट कार्डाच्या असतात. कार्ड बहुधा पुण्या-मुंबईस असलेल्या मुलाचे, क्वचित खुद्द सभासदाचे. मोबाईल, लग्नाचा बस्ता, दवाखाना असा खर्च त्यावर झालेला असतो. "किसान कार्डागतच आहे की हे बी, ऊसबिल आलं की भागवू," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की आता त्याचा खुलासा करणे भाग आहे.

किसान क्रेडिट कार्ड १९९८ साली सुरू झाले. त्याची मर्यादा पीक आणि क्षेत्र पाहून ठरते व फेड पिकाच्या मुदतीप्रमाणे असते. ३ लाखांपर्यंतच्या पीककर्जास ७ टक्के व्याज. वेळेत फेडल्यास ३ टक्के सूट मिळून ते ४ वर येते, आणि राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे वेळेत फेडणाऱ्यास तेही पडत नाही. शिवाय सोसायटीचे येणे ऊसबिलातून परस्पर कपात होते. तारीख ध्यानात ठेवण्याची सवय आपल्याला लागलीच नाही, कारण ते काम आपल्या वतीने कारखान्याचे हिशेब खाते करीत आले.

शहरी कार्डाची कपात कोणी करीत नाही. त्याचे बिल दरमहा येते, मग तुमचा ऊस पोग्यात असो की कांड्यावर. पूर्ण रक्कम मुदतीत भरली तर खरेदीवर व्याज नाही. पण बिलावर 'किमान देय रक्कम' म्हणून एक लहान आकडा छापलेला असतो, तेवढीच भरली की उरलेल्यावर व्याज चालू, आणि पुढच्या नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. एटीएममधून रोख काढली तर पहिल्या दिवसापासून व्याज. हा दर अनेक कार्डांना महिना साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतो. महिना, वर्षाला नव्हे!

४० हजारांचे देणे धरा. महिन्याचे व्याज १,४०० रुपये. किसान कार्डावर ४ टक्के धरले तरी तेवढ्याच रकमेचे वर्षाचे व्याज १,६०० होते. आडसाली ऊस तुटायला १८ महिने लागतात. तोवर देणे तसेच ठेवले तर सरळव्याजानेच २५,२०० रुपये चढतात, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ४,५३६. म्हणजे ४० हजारांचे ६९,७३६, आणि दरमहाचा उशिराचा दंड त्यात धरलेलाच नाही. एवढे व्याज देऊन उसाचे गणित बसत नाही. एकरी ८० टन काढणाऱ्याचेही नाही.

किमान रक्कमही ९० दिवस भरली नाही तर खाते थकीत वर्गात जाते. सिबिलसारख्या संस्थांकडे उशिराची नोंद तर त्याआधीच झालेली असते, आणि ती पुढे अनेक वर्षे दिसत राहते. पीककर्जाला सिबिलची अडकाठी करू नये असे राज्य शासनाने बँकांना वेळोवेळी बजावले आहे. तरी ठिबक, ट्रॅक्टर, विहीर यांच्या कर्जाच्या वेळी हा आकडा पाहिला जातोच. दुसरी गोष्ट सभासदांना सहसा ठाऊक नसते. कार्ड ज्या बँकेचे, त्याच बँकेत तुमचे बचत खाते असेल, तर कराराच्या अटींप्रमाणे बँक त्या खात्यातील रक्कम अडवू शकते. ऊसबिल कोणत्या खात्यात जमा होते ते एकदा पाहून घ्या.

आता भीतीविषयी. "जमीन लिलावात काढू, पोलीस आणू," असे वसुलीवाले फोनवर सांगतात. कार्डाचे कर्ज बिनतारणी असते. नुसती बाकी राहिली म्हणून अटक होत नाही, आणि कोर्टाच्या हुकमाशिवाय कोणी मालमत्तेला हात लावू शकत नाही. सकाळी ८ च्या आधी व संध्याकाळी ७ नंतर फोन करण्यासही रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. न ऐकल्यास आधी बँकेकडे लेखी व मग लोकपालाकडे तक्रार करता येते. मात्र घाबरून, खात्यात पैसा नसताना चेक देऊ नका. तो परत गेला की १८८१ च्या कायद्याचे कलम १३८ लागते, ते फौजदारी आहे. सज्ञान मुलाच्या कार्डाला बाप जामीन नसेल तर बापाकडे वसुली मागता येत नाही. हेही फोनवर कोणी सांगत नाही.

अडकलाच असाल तर प्रथम कार्ड वापरणे बंद करा आणि बँकेकडे हप्ते बांधून देण्याचा लेखी अर्ज करा. घरात सोने असेल तर जिल्हा बँकेच्या सोनेतारण कर्जाचे व्याज कार्डाच्या निम्म्याहूनही कमी पडते. ते काढून कार्ड मिटवणे परवडते. तडजोडीत रक्कम कमी करून मिळते खरी, पण नोंद 'सेटल्ड' अशी राहते, 'क्लोज्ड' अशी नाही. पुढे कर्ज लागणार असेल तर ही नोंद नडते. पैसे कोणाच्या हातात न देता बँकेतच भरा, तडजोडीचे पत्र आधी घ्या आणि खाते मिटल्याचा दाखला नंतर. दोन्ही कागद सातबाऱ्याच्या फाईलला लावून ठेवा.