विश्लेषण : हळद, द्राक्षे आणि दीडशे वर्षांचे आयुष्य... दावे किती खरे?

सांगलीत राजापुरी हळदीचे सौदे होतात, तासगावात बेदाण्याचे. साताऱ्यातील वाई, कोरेगाव भागातही हळद पिकते. या पिकांतील दोन रसायने, कुर्क्युमिन आणि रेझव्हेराट्रॉल, 'म्हातारपण रोखणारी' म्हणून गोळ्यांच्या रूपात जगभर विकली जातात. त्यांनी आयुष्य खरेच वाढते का?

द्राक्षांची चर्चा कशी सुरू झाली?
रेझव्हेराट्रॉल द्राक्षाच्या सालीत असते. २००६ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, चरबीयुक्त आहारावरील लठ्ठ उंदीर त्यामुळे अधिक जगले. २००८ मध्ये ग्लॅक्सोस्मिथक्लाइनने या क्षेत्रातील सर्ट्रिस ही कंपनी ७२ कोटी डॉलरना विकत घेतली. मात्र साध्या आहारावरील उंदरांचे आयुष्य पुढील चाचण्यांत वाढले नाही.

हळदीचे काय?
अमेरिकेच्या राष्ट्रीय वार्धक्य संस्थेच्या कार्यक्रमात प्रत्येक औषध तीन प्रयोगशाळांत उंदरांवर तपासले जाते. २०१३ च्या निष्कर्षांनुसार कुर्क्युमिनने आयुष्य वाढले नाही. हळदीत ते साधारण २ ते ५ टक्केच असते आणि रक्तात फारच थोडे उतरते. शोषण वाढवण्यासाठी गोळ्यांत मिरीचा अर्क घालतात. अशा गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. स्वयंपाकातील हळदीची गोष्ट वेगळी.

मग परिणाम कशाचा दिसला?
रॅपामायसिनचा. ईस्टर बेटावरील मातीतल्या जिवाणूपासून मिळालेले हे औषध अवयव प्रत्यारोपणानंतर देतात. ते पेशींची वाढ मंदावते आणि पेशीतील टाकाऊ घटकांची सफाई वाढवते. २००९ मध्ये, माणसाच्या साठीइतक्या वयाच्या उंदरांना ते दिल्यावर कमाल आयुष्य माद्यांत १४, तर नरांत ९ टक्के वाढले. पण ते प्रतिकारशक्ती दाबते. माणसाचे आयुष्य त्याने वाढते, हे सिद्ध झालेले नाही.

दीडशे वर्षे शक्य आहेत?
आतापर्यंतचा नोंदलेला उच्चांक फ्रान्सच्या जान काल्माँ यांचा, १२२ वर्षे. भारतातील सरासरी आयुर्मान १९५१ च्या सुमारास ३२ वर्षे होते, आता ते ७० च्या आसपास आहे. यातील मोठा वाटा बालमृत्यू घटल्याचा. लसी, स्वच्छ पाणी, प्रतिजैविके यांनी लहानग्यांना वाचवले, वार्धक्याचा वेग मात्र बदलला नाही. प्रौढ वयात मृत्यूचा धोका साधारण दर आठ वर्षांनी दुप्पट होतो. दीर्घायुषी देशांतही १९९० नंतर आयुर्मानवाढ मंदावली आहे. त्यामुळे या शतकात आयुष्यात फार मोठी वाढ होणे अवघड, असा निष्कर्ष ओल्शान्स्की यांच्या गटाने २०२४ मध्ये मांडला.

आपल्यासाठी अर्थ काय?
संशोधकांचे आजचे व्यवहार्य उद्दिष्ट आहे आजारपणाची वर्षे कमी करण्याचे. तंबाखू-मिशेरी सोडणे, रक्तदाब व साखर वेळेवर तपासणे, रोज चालणे यांचा लाभ माणसांत सिद्ध झाला आहे. महागड्या गोळ्यांवर पैसे घालवण्याआधी ज्येष्ठांनी आणि त्यांच्या मुलांनी एवढा हिशेब जरूर करावा.