धर्मप्रतिमा आणि वाचकाचा प्रतिसाद

प्रतिमेचे स्वरूप आपण मागील भागात पाहिले. आता एक अडचणीचा प्रश्न घेऊ. कवितेतील प्रतिमा आपल्या नसलेल्या धर्मपरंपरेतून आलेली असेल, तर आपला प्रतिसाद ग्राह्य मानावा का? ‘मला बायबल ठाऊक नाही, तेव्हा ही कविता माझ्यासाठी नाही,’ असे म्हणून पुष्कळ वाचक पुस्तक मिटतात. परीक्षेच्या धास्तीने आपणही तसे केले असेल.

आर. एस. टॉमस (१९१३–२०००) हे वेल्श कवी अँग्लिकन धर्मगुरू होते. त्यांची ‘द ब्राइट फील्ड’ ही चौदा ओळींची कविता १९७५ च्या ‘लॅबोरेटरीज ऑफ द स्पिरिट’ या संग्रहात आहे. ढगांतून आलेल्या उन्हात एक लहानसे शेत क्षणभर उजळते; निवेदक ते पाहतो, पुढे निघून जातो आणि विसरतो. सारे मोल त्याच शेतात होते, हे त्याला नंतर उमगते.

बायबल न वाचलेल्या मराठी वाचकालाही हे शेत दिसते. त्याला श्रावणातला ऊन-पाऊस आठवेल, कदाचित बालकवीही. (रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या घरी बालकवी काही काळ राहिले होते, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना ठाऊक असेल.) हा प्रतिसाद चुकीचा नाही, पण अपुरा आहे. बालकवींच्या श्रावणातील ऊन हर्ष देते. टॉमस यांचे ऊन काही मागते. ही मागणी कोठून येते?

येथे संदर्भ उपयोगी पडतो. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात लागोपाठ दोन दृष्टान्त आहेत. एक माणूस शेतात लपलेल्या ठेव्यासाठी, तर एक व्यापारी मोलवान मोत्यासाठी सर्वस्व विकतो. टॉमस शेत आणि मोती एकत्र आणतात. पुढे मोशे आणि जळूनही भस्म न होणारे झुडूप येते. निर्गमाच्या कथेत मोशे वाट सोडून पाहण्यासाठी वळतो, तेव्हा देव त्याला हाक मारतो. कवितेचा सारा भार या वळण्यावर आहे. निवेदक मात्र वळला नव्हता.

आता उलट बाजू पाहा. श्रद्धाळू वाचकाला ‘मोती’ शब्द दिसताच अर्थ सापडल्यासारखा वाटतो आणि शेताकडे पाहायचेच राहून जाते. माझ्या मते ही चूक पहिलीपेक्षा मोठी आहे. संदर्भ नंतरही मिळवता येतो; न पाहिलेली प्रतिमा टीपा वाचून दिसत नाही. वोल्फगांग इझर यांच्या मते संहितेतील रिकाम्या जागा वाचक भरतो. परंतु येथे ठरीव उत्तर आधीच हाती असल्याने त्या जागा असल्याचेच या वाचकाला जाणवत नाही.

स्वाध्याय : ही कविता मिळवून प्रथम टीपांविना वाचा. आपल्याला दिसलेले शेत पाच-सहा वाक्यांत लिहा. मग वरील दोन्ही बायबलकथा वाचून त्या लेखनात काय बदलावेसे वाटते, ते नोंदवा. पहिला मजकूर खोडू नका.